धारेचे दोन ढाळ

धार हा शब्द आपण ज्या सहजतेने उच्चारतो त्या सहजतेने धार हाती येत नाही. कारण थोडा सूक्ष्म विचार केला तर ध्यानात येते की, धार म्हणून स्वतंत्र असे काही अस्तित्वातच नसते. पात्याच्या पाठीकडून खाली उतरत येणारे दोन पृष्ठभाग, ज्यांना आपण येथे ढाळ म्हणू, ते ज्या रेषेवर एकमेकांस भेटतात त्या रेषेचे नाव धार. त्या रेषेला रुंदी नाही, जाडी नाही, आणि तिच्यावर थेट काम करण्याची सोयही नाही. कारागीर घासतो ते ढाळ; दोन्ही अंगांचे ढाळ सारखे उतरले, तर धार त्याला आपोआप प्राप्त होते, आणि न उतरले तर कितीही परिश्रम केले तरी ती प्राप्त होत नाही. ही साधी गोष्ट मला वयाच्या साठीनंतर, बालाघाटाच्या डोंगररांगेत, धारूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लोहाराच्या दुकानात समजली, आणि समजल्यानंतर ती केवळ लोखंडापुरती राहिली नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांतून मी ३१ वर्षे अध्यापन केले. बीड जिल्ह्यात ज्याने शाळेचा हजेरीपट सांभाळला आहे त्याला निराळे सांगावयास नको की, आमच्या हजेरीपटास दोन ऋतू असतात. दसरा-दिवाळी उलटली, की ओळीच्या ओळी रिकाम्या होतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास त्या पुन्हा भरू लागतात. कारण मुलांचे आईबाप पश्चिम महाराष्ट्रातील किंवा सीमेपलीकडच्या कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला गेलेले असतात, आणि ज्यांना मागे ठेवण्यास घरी म्हातारे माणूस नाही अशी मुलेही त्यांच्याबरोबर गेलेली असतात. त्या रिकाम्या रकान्यांत वर्षानुवर्षे गैरहजेरीच्या खुणा करताना, ज्या कोयत्याच्या बळावर ही माणसे जगतात तो कोयता कसा घडतो, हे आपण कधी पाहिले नाही याची खंत मनात राहून गेली होती. निवृत्त झाल्यावर मी त्या दुकानात जाऊन बसू लागलो, आणि पुढे एके दिवशी पाते हातात घेतले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. तिच्या आधीचे तीन-चार आठवडे लोहाराला श्वास घेण्यास फुरसत नसते. दुकानात भाता होता, ऐरण होती, आणि विजेच्या मोटारीवर फिरणारे साणेचे चाक होते. कोयत्यासाठी मालमोटारींच्या कमानीचे जुने पाटे भंगारातून येत. कमानीच्या पोलादात शेकड्याला अर्ध्याच्या आसपास कर्ब असतो. त्यामुळे ते चिवटही राहते आणि पाणी दिले असता कठीणही होते. पोलाद हा शब्द फारशीतून आपल्याकडे आला, पण वस्तूचा प्रवास मात्र उलट दिशेने झालेला आहे. १९४८ पर्यंत आमचा जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्यातील निझामाबादकडील कोनासमुद्रम या खेड्यात मुशीत वितळवलेले पोलाद होत असे, आणि ते खरेदी करण्यास इराणी व्यापारी स्वतः तेथवर येत. हिंदी पोलादाच्या अशाच वड्या लंडनला पोहोचल्या, तेव्हा स्वतः लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरडे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणारा जेम्स स्टोडार्ट या दोघांनी त्यांचे पृथक्करण केले आणि १८२० साली पोलादाच्या मिश्रधातूंवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वडीत काय काय आहे हे प्रयोगशाळेला शोधता येते. परंतु मुशीजवळ उभ्या असलेल्या माणसाचा डोळा वडीबरोबर जहाजात चढत नाही. तो डोळा शिकावयाचा तर त्या माणसाजवळच बसावे लागते.

मी ज्यांच्याजवळ बसलो त्यांना सारा गाव मामा म्हणे, म्हणून मीही मामा म्हणू लागलो. ते मात्र मला शेवटपर्यंत गुरुजीच म्हणत राहिले. त्यांनी पहिल्या दिवशी मला चाकाजवळ फिरकूही दिले नाही. घडवून झालेल्या पात्याचा काठ त्यांनी निळ्या शाईने रंगविला, टोकदार खिळा घेऊन त्या काठाच्या जाडीवर, मध्यापासून सारख्या अंतरावर, एकमेकींस समांतर अशा दोन बारीक रेघा ओढल्या, आणि म्हणाले, “ही रेघ ह्या अंगाची, ही रेघ त्या अंगाची. चाक लावायच्या आधी रेघ. रेघ नसंल तर हाताला वाटंल तिथं धार जाईल.” दोन्ही रेघांच्या मध्ये राहणारी पट्टी नखाच्या जाडीइतकीही नव्हती, पाणी देईपर्यंत तेवढे लोखंड काठावर राखून ठेवावयाचे असते, नाही तर भट्टीच्या आचेत पातळ काठ वाकडा होतो किंवा तडकतो.

त्यानंतर उभे कसे राहावयाचे ते शिकविले. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेले, मनगटे बांधल्यासारखी स्थिर, आणि पाते सरकवावयाचे ते हातांनी नव्हे तर कमरेतून सबंध अंग झुकवून. कारण मनगट वाटेल तसे वळते, परंतु कंबर एकाच रेषेत जाते. मुठीकडून टोकाकडे एक फेर, मग पाते उलटून दुसऱ्या अंगाने एक फेर, आणि दोन फेरांच्या मध्ये पाते पाण्यात. पाणी दिल्यानंतरच्या शेवटच्या घासकामात तर ही बुडवणी कधीही चुकवावयाची नाही. काठ चाकावर तापून पिवळसर, मग जांभळा, मग निळा पडला, की तेवढ्या जागेचे पाणी उतरते आणि तेवढी जागा पुढे नेहमीच बोथटत राहते.

इतके सगळे पाहून, ऐकून आणि वहीत टिपून घेऊनही माझे पहिले पाते बिघडले, आणि ते कसे बिघडले ही या लेखातील महत्त्वाची बाब आहे. उजव्या हाताच्या माणसाला पात्याचे एक अंग सोयीचे पडते. त्या अंगाला अंगठ्याचा दाब नेमका बसतो, चाकाचा आवाज एकसुरी येतो आणि ढाळ आरशासारखा उतरू लागतो. त्याचे सौंदर्य पाहून मन प्रसन्न होते, आणि प्रसन्न मनाला आणखी एक फेर घेण्याचा मोह आवरत नाही. दुसरे अंग अडचणीचे. तेथे हात डावा पडतो, चाक अडखळते, मध्येच खाच पडते. मी फेर मोजीत होतो आणि दोन्ही अंगांचे फेर समान आहेत अशी माझी खात्री होती, परंतु एका अंगाचा फेर पूर्ण दाबाचा होता आणि दुसऱ्याचा भीतभीत टेकवलेला. काठ पाहिला तेव्हा सोयीच्या अंगाची रेघ पार पुसली जाऊन त्या अंगाचा ढाळ दुसऱ्या रेघेपर्यंत पोहोचला होता, म्हणजे धार मध्यावर न राहता एका बाजूस सरकली होती. ती सुधारण्याकरिता मी दुसरे अंग घासले, ते जास्त झाले म्हणून पुन्हा पहिले. आणि या दुरुस्तीच्या भरात पात्याची रुंदी बोटभर कमी झाली. मामांनी पाते उचलले, उजेडाकडे धरले, आणि रागाचा लवलेशही स्वरात न येऊ देता म्हणाले, “गुरुजी, लोखंड काढता येतं. घालता येत नाही.”

असमान ढाळांचा कोयता दिसण्यात सामान्य माणसाला वाईट दिसत नाही. तो वाईट ठरतो तो उसाच्या फडात. पाचरीसारखे पाते उसात शिरते तेव्हा ज्या अंगाचा ढाळ अधिक, त्या अंगाने उसाचा दाबही अधिक येतो आणि पाते विरुद्ध बाजूकडे ढकलले जाते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यांत अधिक असते, आणि तोड स्वच्छ झाली तर खोडव्याचे फुटवेही चांगले येतात. पाते वर सरकले तर साखर रानात राहते, खाली सरकले तर मातीत जाऊन धार मरते, आणि ते सरळ राखावयाचे तर प्रत्येक घावाला मनगटाने त्याला आवरून धरावे लागते. दिवसभराच्या घावांतून कारागिराची ही चूक तोडणाऱ्याच्या मनगटात, खांद्यात आणि कमरेत उतरते.

येथे कोणी म्हणेल की, प्रत्येक हत्याराला दोन्ही ढाळ समान लागतात असे कोठे आहे? सुताराच्या पटाशीला एकच ढाळ असतो आणि दुसरे अंग सपाट असते. आक्षेप खरा आहे. परंतु पटाशीचे एक अंग सपाट ठेवले जाते ते तिला त्या अंगाने लाकडावर टेकून चालावयाचे असते म्हणून, आणि तसे सुताराने आधी ठरविलेले असते म्हणून. जी विषमता कामाच्या गरजेतून योजिली जाते तिला रचना म्हणतात. जी विषमता केवळ हाताच्या सोयीतून, नकळत, फेरामागून फेर साचत जाते, तिला दोष म्हणतात. माझ्या पात्याची विषमता दुसऱ्या जातीची होती, आणि तिचा सर्वांत घातक गुण हा की, ती घडत असताना मी सुखात होतो.

हे मनात घोळत असतानाच कोयता या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्यापुढे नव्याने उभा राहिला. आमच्या जिल्ह्यात कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी जमविणाऱ्याच्या, हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिली जाते ती कोयत्यामागे, टोळी मोजली जाते ती कोयत्यांनी, आणि एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे व्यवहाराने हे मान्यच केले आहे की, दोन अंगांवाचून हा कोयता पुरा होत नाही. परंतु उचलीचा कागद पाहावा तर त्यावर सही किंवा अंगठा बहुधा एकट्या पुरुषाचा, आणि पैसाही त्याच्याच हाती रुजू होतो. स्त्री पहाटेच्या काळोखात कोपीपुढची, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपुढची, चूल पेटविते, दिवसभर फडात पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि रात्री परत आल्यावर पुन्हा त्याच चुलीपाशी बसते. दुखणे आले, पाळी आली, बाळंतपण जवळ आले आणि एक दिवस काम चुकले, तर त्याला खाडा म्हणतात आणि त्या खाड्याचा दंड जोडीच्या हिशेबातून वळता होतो.

एका अंगाचे फेर असे वाढत गेले की काय होते, याची नोंद सरकारी दप्तरात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील स्त्रियांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी बोभाटा झाला तेव्हा २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्या आकड्यामागे कारणे अनेक असतील, गरिबी असेल, अज्ञान असेल, वैद्यकातील लोभ असेल. परंतु ज्या व्यवस्थेत दुखण्याचा दिवस म्हणजे खाडा, तिच्यात दुखणारे अवयवच काढून टाकावेसे वाटणे हे मला चाकावरच्या त्या आणखी एका फेराहून निराळे वाटत नाही. मामांचे वाक्य मला दुकानात कळले होते; त्याचा पुरा अर्थ हा आकडा वाचताना कळला. लोखंड काढता येते, घालता येत नाही.

म्हणून समत्व ही अंतःकरणाची भावना आहे असे मानून आपण थांबू नये. माझे अंतःकरण पहिल्या पात्याच्या वेळीही शुद्ध होते. कमी होती ती रेघांकडे पाहण्याची सवय. दुसऱ्या पात्याला मी प्रत्येक फेरानंतर थांबलो, काठ पुसून उजेडाकडे धरला, आणि प्रत्येक जोडफेराची सुरुवात अडचणीच्या अंगाने केली, कारण थकलेला हात अडचणीच्या अंगाशी नेहमी कमी न्याय करतो. त्याला चार दिवस लागले. ढाळ पहिल्या पात्याइतके चकचकीत झाले नाहीत, परंतु काठाकडून पाहिले असता धार दोन्ही रेघांच्या मधोमध होती. मामांनी ती अंगठ्यावर आडवी फिरवून पाहिली आणि काही न बोलता तो कोयता विक्रीच्या कोयत्यांत ठेवला. दिवाळीच्या आत तो गेला. कोणत्या जोडीने नेला ते मला ठाऊक नाही.

त्या जोडीच्या मुकादमाला, कारखान्याच्या संचालकांना आणि या व्यवहाराची तजवीज ज्यांच्या हाती आहे त्या सर्वांना माझी एकच विनंती आहे. ऊसतोडीच्या करारावर आणि मजुरीच्या हिशेबावर कोयत्यामागे दोन नावे लिहा, दोन सह्या किंवा दोन अंगठे घ्या, आणि दोघांची मजुरी दोघांच्या हाती निरनिराळी द्या. हे हंगाम संपल्यावर नव्हे, टोळी गाव सोडण्यापूर्वी करा. कारण रेघा ओढावयाच्या असतात त्या चाक फिरण्यापूर्वी.