सातवा दिवस कोणाचा?

शास्त्रपाठ : अनुवाद 5:12-15; मार्क 2:23-28.



धर्म हा उपासनेपुरता विषय असून व्यवहाराशी त्याचा फारसा संबंध नाही, असे पुष्कळांस वाटते. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आज आम्ही एकच साधी गोष्ट वाचकांपुढे ठेवितो. ती म्हणजे आठवड्याची सुटी. सूर्य उगवतो व मावळतो, त्यावरून दिवस कळतो. चंद्राच्या कलांवरून महिना कळतो. ऋतूंवरून वर्ष कळते. परंतु आठवडा संपला, आता हात थांबवा, असे सांगणारी खूण आकाशात कोठेही नाही. वारांची गणना पुष्कळ लोकांत प्राचीन काळापासून आहे. तथापि दर सातव्या दिवशी धनी व चाकर या दोघांनीही काम थांबवावे, हा दंडक जगास मुख्यत्वे इस्राएल लोकांच्या धर्मापासून मिळाला. निसर्गाने जे दिले नाही, ते येथे श्रद्धेने दिले.

हा दंडक कोणास दिला गेला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांस तो मिळाला ते लोक मिसर देशात विटा पाडीत होते. देवाची सेवा करण्याकरिता तीन दिवस रानात जाऊ द्यावे, अशी मागणी मोशे व अहरोन यांनी केली, तेव्हा फारोने त्यांस आळशी ठरविले. विटांसाठी मिळणारा पेंढा त्याने बंद केला आणि विटांची संख्या मात्र पहिलीच कायम ठेविली. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात हा वृत्तांत आहे. विसाव्याचे नाव काढताच आळसाचा आरोप करणे, ही फारोची रीत अद्याप जगातून गेलेली नाही.

त्या दास्यातून सुटलेल्या लोकांस शब्बाथाची आज्ञा मिळाली. निर्गमात तिचे कारण सृष्टीच्या उत्पत्तीत दाखविले आहे; अनुवादात मात्र मिसरातील दास्याची आठवण हे कारण दिले आहे. विसाव्याचा अधिकार कोणाकोणास आहे, त्यांची यादीच तेथे आहे. मुलगा व मुलगी, दास व दासी, बैल व गाढव, आणि वेशीच्या आत राहणारा परका. दासदासींस तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा, असा त्या आज्ञेचा हेतू आहे. म्हणजे धनी स्वतः स्वस्थ बसला, एवढ्याने ती पुरी होत नाही. त्याच्या हाताखालचा मनुष्य स्वस्थ बसेल तेव्हाच ती पुरी होते.

आमच्या शेतकऱ्यांस यातील बैलाचा उल्लेख परका वाटू नये. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत, त्यास न्हाऊ घालून पुरणपोळीचा घास देतात. मुक्या जनावराच्या श्रमांचे ऋण मानावे, ही जाणीव या मातीतही धर्माच्याच द्वारे रुजली आहे.

पुढे 321 साली रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन याने रविवारी न्यायकचेऱ्या व शहरांतील कामधंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढिला. परंतु हंगाम हातचा जाऊ नये म्हणून शेतकामास त्या हुकुमात मोकळीक ठेविली होती. शहराच्या पदरी विसावा आणि शिवाराच्या पदरी काम, हा भेद इतका जुना आहे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा तेथील मजुरांस साप्ताहिक सुटी नव्हती. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत ते राबत असत. त्यांची बाजू नारायण मेघाजी लोखंडे यांनी घेतली. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारिली व सुटीची मागणी मांडिली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही एक कारण त्यांनी दाखविले. 1890 च्या एप्रिलात हजारो मजुरांची सभा भरली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. 1891 च्या कारखान्यांच्या कायद्याने साप्ताहिक सुटीस सरकारी आधार मिळाला.

या इतिहासापुढे आम्ही ख्रिस्ती लोकांनी नम्र झाले पाहिजे. ज्या राज्यकर्त्यांच्या देशांत रविवारी देवळांच्या घंटा वाजत, त्यांच्याच अमलाखाली मजुराचा रविवार हिरावला गेला होता. आणि तो परत मिळविणारा मनुष्य आमच्या मंडळीतील नव्हता. देव न्यायाचे कार्य ज्याच्या हातून इच्छितो त्याच्या हातून करवितो.

धर्माने घातलेली ही घडी मोडून पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर 1793 साली दहा दिवसांचा आठवडा सुरू केला. मजुरास विसावा नवव्याऐवजी दहाव्या दिवशी नव्हे, तर सातव्याऐवजी दहाव्या दिवशी मिळू लागला. 1806 च्या आरंभी ती कालगणनाच रद्द झाली. रशियात 1929 साली यंत्रे अखंड चालावीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला व कामगारांचे गट पाडून प्रत्येकास निराळ्या दिवशी सुटी दिली. तेव्हा नवऱ्याची सुटी एका दिवशी व बायकोची दुसऱ्या दिवशी, असे होऊ लागले. शेवटी 1940 साली सात दिवसांचा आठवडा परत आला. तेथील भाषेत रविवारास जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ पुनरुत्थान असा आहे, आणि ते नाव त्या सर्व काळात टिकून राहिले. सुटी म्हणजे केवळ थकलेल्या शरीराची दुरुस्ती नव्हे. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी एकत्र बसण्याचा तो दिवस आहे, हे यावरून दिसते.

तथापि धर्माच्या हातूनच ही देणगी ओझे होऊ शकते. भुकेल्या शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे मोडिली, म्हणून परूशी रागावले. तेव्हा प्रभूने त्यांस समजाविले की हा दिवस मनुष्याच्या हिताकरिता नेमला आहे, मनुष्य त्या दिवसाकरिता घडविलेला नाही. शब्बाथ दिवशीच वाळलेल्या हाताचा मनुष्य बरा करून त्याने ते कृतीनेही दाखविले. जो नियम दुबळ्यास उभा करीत नाही, त्याचे पालन कितीही काटेकोर असले तरी त्यात देवाचा हेतू नाही.

बंधूंनो, सहा दिवस मनुष्याची किंमत त्याच्या कामावरून होते. किती नांगरले, किती मोळ्या बांधल्या, किती मजुरी पडली, हेच लोक विचारतात. सातवा दिवस त्यास सांगतो की हात चालण्यापूर्वीच देवाने तुला आपले म्हटले आहे. आपण कशासाठी जगतो, या प्रश्नाचे उत्तर ज्यास पोटाच्या धावपळीत सापडत नाही, त्यास ते ऐकण्यापुरती उसंत तरी मिळालीच पाहिजे.

म्हणून येत्या रविवारी उपासनेस निघताना प्रत्येकाने ती यादी मनात वाचावी. आपण गीते गात असता आपला सालगडी कोठे आहे? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या गावाबाहेर पालांत उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता धरितात. डोक्यावर उचल असते, आणि एक दिवस अंग टाकले तर खाडा लागतो. वीटभट्टीवर आजही हजारी विटांवर मजुरी मोजली जाते. हीच माणसे आज आपल्या वेशीतील परकी आहेत. आणि आपल्या घरातील माताभगिनी? त्यांची चूल, पाणी व धुणे यांस कोणता वार सुटीचा आहे?

ज्याच्या शेतावर गडी आहे त्याने त्यास पगार न कापता एक दिवस मोकळा द्यावा. पुरुषांनी त्या दिवशी घागर व झाडू हाती घ्यावा. पंचांनी टोळीच्या मुकादमाशी बोलावे, तिच्या मुलांस रविवारच्या शाळेत प्रेमाने बसवावे, आणि कोणी आजारी असेल त्याचा खाडा माफ होईल असे पाहावे. हे करण्यास मोठ्या द्रव्याची गरज नाही. आपणही कधी कोणाचे दास होतो, एवढी आठवण पुरे. ती आठवण ठेवण्यास देव आम्हां सर्वांस साहाय्य करो. आमेन.