दोनशे रुपयांची कपात

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात, कपातीच्या रकान्यात एक ओळ असते: व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. रक्कम इतकी किरकोळ की नजर तिच्यावरून सरकून जाते. पण ही ओळ तिथे कशी आली, याची हकिगत दुष्काळात सुरू होते. भुकेल्याला मिळणारी मदत ही देणाऱ्याची दया की घेणाऱ्याचा हक्क, या प्रश्नाशी आपण शंभर वर्षं झगडलो. त्या झगड्यातून जे हाती लागलं, ते या ओळीत आहे.

1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनची गावं ओस पडली. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी त्याआधी, 1874 साली, बिहारमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून मोठी जीवितहानी टाळली होती. शाबासकीऐवजी त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. पुढच्या दुष्काळात त्यांना काटकसरीची ताकीद देऊनच पाठवण्यात आलं आणि त्यांनी ती इमानाने पाळली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्याचे पैसे आणि वर एक आणा. भूक तीच होती, अधिकारीही तोच होता. बदलला होता फक्त वरचा हुकूम. मदत दयेवर उभी असली की हे असंच होतं. देणाऱ्याचं मन फिरतं आणि घेणाऱ्याची भाकरी अर्धी होते.

मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी हे मुकाट सोसलं नाही. कमी मजुरीवर लांबच्या कामांना जायला हजारोंनी नकार दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे धाडली. पुढे 1880 साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. कामं केव्हा काढायची, मजुरी किती द्यायची, ज्यांच्याने काम होत नाही त्यांना कसं पोसायचं, हे प्रथमच नियमात बसलं. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी या संहितेचा मराठी अनुवाद छापून लोकांत वाटला, तेव्हा एक मोठी गोष्ट घडली. जो नियम अधिकाऱ्यांसाठी लिहिला होता, तो रयतेच्या हाती गेला. सरकारने कबूल केलेलं मागण्यात लाचारी नाही, हा विचार इथे रुजला.

तरीही दोन खिंडारं राहिली. पहिलं पैशाचं. दुष्काळासाठी वर्षाला दीड कोटी रुपये राखून ठेवायचे, असं 1878 साली ठरलं, व्यापाऱ्यांवर त्यासाठी करही बसला. पण अफगाण युद्धाचा खर्च वाढताच ती तरतूद मागे पडली. दुसरं खिंडार याहून घातक होतं. दुष्काळ आहे की नाही हे सरकारने ठरवायचं. 1943 साली बंगालमध्ये सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. संहिता कपाटात राहिली आणि लाखो माणसं मेली. ते दृश्य लहानपणी पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की प्रश्न केवळ धान्य किती पिकलं याचा नव्हता. बाजारात धान्य असतानाही ते विकत घेण्याची ऐपत हरवलेला मजूर उपाशी मरतो.

हे पुस्तक येण्याआधीच महाराष्ट्र यावरच्या उत्तरापर्यंत, म्हणजे मजुराच्या हाती काम आणि मजुरी देण्यापर्यंत, पोहोचला होता. 1972 च्या दुष्काळात माळावर खडी केंद्रं सुरू झाली. पदराने तोंड झाकून बाया हातोडीने दगड फोडायच्या, पाझर तलावाच्या भरावावर पाट्या वाहायच्या. मुकादम मस्टरवर हजेरी लावायचा. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. 1973 च्या उन्हाळ्यात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. हाल अतोनात झाले, पण 1877 सारखा संहार टळला.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार याच्याही पुढचा होता. दुष्काळ जाहीर होण्याची वाट मजुराने का पाहावी? मागेल त्याला काम, हाच नियम का नसावा? त्यातून रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशाची सोय आधीच झाली होती: शहरातल्या कमावत्या माणसांवर 1975 साली व्यवसाय कर बसला आणि तेवढीच रक्कम राज्याने घालायची असं ठरलं. दुसरं खिंडार मजुराच्या मागणीने बुजलं, पहिलं या कपातीने. अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ राहिल्या. मजुरी महिनोन्‌महिने रखडली. कर जमत राहिला आणि कामं कमी निघाली, ही तक्रारही जुनीच आहे. पण ती तक्रार करता येते, कारण पैसा कशासाठी घेतला हे कायद्यात लिहिलेलं आहे. 2005 साली देशाने रोजगाराचा कायदा केला, तो याच वाटेने.

मदत ही दया की हक्क, हाच प्रश्न आज हवामान बदलामुळे जगापुढे आहे. 2022 साली पाकिस्तानात पुराने सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना तडाखा दिला. हानी तीस अब्ज डॉलरच्या घरात गेली. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. त्याच वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत अशा हानीसाठी वेगळा निधी उभारायचं ठरलं. मात्र त्यात पैसे टाकणं ऐच्छिक ठेवलं गेलं आणि पहिल्या दोन वर्षांतली आश्वासनं एक अब्ज डॉलरच्या आतच राहिली. म्हणजे जग अजून आपल्या 1880 सालापाशी आहे. नियम लिहून झालेत, पैसा मर्जीवर आहे.

याला तोड सुचलेली नव्हती असंही नाही. 1991 सालीच वनुआटूने, समुद्रात बुडण्याची भीती असलेल्या छोट्या बेटांच्या वतीने, एक योजना मांडली होती. श्रीमंत देशांनी आपलं उत्पन्न आणि आपला धूर यांच्या प्रमाणात ठरावीक वर्गणी भरायची आणि त्यातून बेटांची भरपाई करायची. ती मान्य झाली नाही. त्याच वनुआटूच्या पुढाकाराने मागितलेल्या मतात, जुलै 2025 मध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडणाऱ्यावर भरपाईची वेळ येऊ शकते. टिळकांच्या त्या अनुवादासारखाच हा कागद आता मागणाऱ्यांच्या हाती आला आहे.

मुंबईतल्या कारकुनाला पगाराच्या दिवशी कुणी विचारत नाही, की यंदा दुष्काळी माण तालुक्यातल्या मजुरासाठी काही द्याल का. वाटा आधीच कापलेला असतो. त्यासाठी कुणाला हात पसरावा लागत नाही आणि कुणाला दानशूरही व्हावं लागत नाही. वनुआटूने मागितली ती हीच ओळ, जगाच्या पगारपत्रकात.