रांगेचा धर्म

परदेशी जाऊन आलेला मनुष्य गावात परतला म्हणजे चार मंडळी भोवती जमतात आणि विचारतात, "काय काय पाहिलंत?" आश्चर्य असे की, मोठमोठे पूल आणि राजवाडे बाजूस ठेवून तो आधी तिथल्या रांगांचीच गोष्ट काढतो. "अहो, बसच्या थांब्यावर चार माणसं असली तरी एकामागं एक उभी! कुणी ढकलत नाही, कुणी ओरडत नाही." आणि मग एक सुस्कारा टाकून, "आपल्याकडं हे कधी व्हायचं?"

हल्ली आमच्या वारकरी मंडळींचेही परदेशगमन पुष्कळ वाढले आहे. कोणाचा मुलगा लंडनला, कोणाची लेक अमेरिकेत. नातवंडांसाठी आईबाप चार-सहा महिने तिकडे राहून येतात. सहलीबरोबर जपान पाहून आलेल्या माळकरी आजीबाईही आता नवलाच्या राहिल्या नाहीत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातला झाला आहे आणि त्याचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. रांगेत उभे राहणे हा सद्गुण आहे की नुसती सवय? आणि सद्गुण असेल, तर तो त्या लोकांजवळ आहे नि आपणांजवळ नाही, हे म्हणणे कितपत खरे?

आमच्या कानांवर दोन मते येतात. एक पक्ष म्हणतो, शिस्त ही गोऱ्या लोकांच्या रक्तातच आहे, आपल्या रक्तात ती नाही, सोडून द्या. दुसरा पक्ष म्हणतो, ती सारी वरवरची टापटीप. आपल्याकडे धक्काबुक्की असेल, पण माया आहे. आमच्या मते दोन्ही पक्ष आळशी आहेत. एकाला सुधारण्याचे कष्ट नकोत आणि दुसऱ्याला पाहण्याचे.

रक्ताचीच गोष्ट घ्या. आज रांग म्हटली की इंग्रज मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु इंग्रजीत रांगेला जो 'क्यू' शब्द आहे तो मुळी फ्रेंच, आणि त्याचा अर्थ शेपूट! थॉमस कार्लाइल या ग्रंथकाराने १८३७ साली फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात पॅरिसच्या पाववाल्यांच्या दुकानांपुढे लोक कसे शेपटासारखे एकामागे एक उभे राहत, त्याचे वर्णन आहे. आणि आपण होऊन असे उभे राहणे हा त्याने फ्रेंचांचा खास गुण म्हणून सांगितला आहे. म्हणजे त्या काळी ब्रिटनमधल्या लेखकालाच ती परक्यांची करामत वाटत होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० पासून, ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग सुरू झाले ते जुलै १९५४ मध्ये संपले. लोणी, साखर, मांस, सारे कार्डावर. चौदा वर्षे ज्या आयाबाया दुकानापुढे उभ्या राहिल्या, त्यांच्या पोरांना रांग वेगळी शिकवावी लागली नसेल.

चीनची राजधानी बीजिंग येथे तर ती ठरवून शिकवली गेली. २००८ साली तेथे ऑलिंपिकचे सामने व्हायचे होते. म्हणून फेब्रुवारी २००७ पासून दर महिन्याची ११ तारीख हा रांगेचा दिवस म्हणून पाळावयाचा ठरला. अकराच का? तर इंग्रजी अंकांत अकरा लिहिले की दोन माणसे नीट एकामागे एक उभी असल्यासारखी दिसतात म्हणून! युक्ती पोरकट वाटेल, पण आम्हांस ती आवडली. जे शिकवता येते ते रक्तातले नव्हे, एवढे तरी त्यावरून ठरते.

आता सवयीकडे वळू. रांगेचे रूप सर्वत्र एकच नसते, आणि प्रवासी फसतो तो येथेच. स्पेनमधील बाजारात किंवा क्यूबामधील दुकानापुढे पुष्कळदा रांग दिसतच नाही. कोणी झाडाखाली, कोणी भिंतीला टेकून, कोणी गप्पा मारीत. आपल्याला वाटते, मोकळेच आहे, आणि आपण थेट फळीपाशी जातो. लगेच दहा तोंडे फिरतात. कारण रांग होती! नवा येणारा "शेवटचा कोण?" असे मोठ्याने विचारतो, कोणीतरी हात वर करतो, आणि त्याच्यामागे आपली पाळी हे ध्यानात ठेवून हाही सावलीत जाऊन बसतो. रांग पायांनी नव्हे, स्मरणाने धरलेली. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांस इंग्रजांच्या रीतीपेक्षा ही रीत कितीतरी सोयीची, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

सरकत्या जिन्यावर लंडनच्या भुयारी रेल्वेत उजव्या बाजूस उभे राहावे लागते. टोकियोत डावीकडे उभे राहतात, आणि त्याच जपानातल्या ओसाकात उजवीकडे. जपानी आगगाडीत फोनवर बोलणे हे वाईट चालीचे लक्षण मानतात, डब्यात बोलायचे ते हळू. आमच्या मंडळींना गाडी हलली की भजनाची ऊर्मी येते. तिथे टाळ पिशवीतच राहू द्यावेत, नाम मनात घ्यावे. अंतराचीही तीच गोष्ट. लंडनचा मनुष्य पुढच्यापासून हातभर दूर उभा राहतो. आपल्याकडे हातभर जागा सोडली, तर "तुम्ही रांगेत आहात का हो?" असे विचारायलाही कोणी थांबत नाही, तिथे येऊन उभाच राहतो. म्हणून आपण चिकटून उभे राहायला शिकलो. तो उर्मटपणा नव्हे, तो संरक्षणाचा उपाय. पण तिकडच्या माणसास तो अंगचटपणा वाटतो. उपाय साधा आहे. वारीच्या वाटेवर दर मुक्कामी गावची रीत विचारून आपण पंगतीला बसतो, तसेच तेथेही विचारावे. विचारणाऱ्यावर कोणी रागावल्याचे आम्ही पाहिले नाही.

येथवर झाली ती रूपाची गोष्ट. पण माणूस पुढे का घुसतो? आम्हांस असे वाटते की, घुसणारा बहुतेक वेळा दुष्ट नसतो, भ्यालेला असतो. एस. टी. आली की खिडकीतून रुमाल पडतो, टोपी पडते, क्वचित पोरगेही आत जाते! ते का? बस एकच आहे, दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही, खिडकी आपल्या तोंडावर बंद होईल, ही धास्ती. जिथे पुढची गाडी चार मिनिटांनी येणारच, तिथे शांत उभे राहणे फार मोठे तप नव्हे. धास्ती मात्र एकदा अंगात मुरली की कारण गेले तरी ती जात नाही. विमान जमिनीला टेकले न टेकले तोच आपली अर्धी मंडळी उठून वाटेत उभी. दार उघडलेले नाही, आणि बाहेर पट्ट्यावर बॅगा येईपर्यंत पुन्हा सगळे एकत्रच उभे राहणार! मिळाले काय? पाठीला कळ.

आता जो म्हणतो की आपल्या लोकांना शिस्तच नाही, त्याने श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची समाजआरती एकदा पाहावी. मुक्कामाच्या तळावर दिंड्या आपापल्या जागी उभ्या, टाळ-मृदंगांचा गजर चाललेला. चोपदार दंड उंच करतात आणि तो प्रचंड समाज स्तब्ध होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात; चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात. रथापुढील दिंड्या, रथामागील दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. तिथे मागच्याने पुढे धाव घेतली असे होत नाही, कारण मागच्यालाही ठाऊक असते की आपला क्रमांक आपलाच आहे, तो कोणी हिरावून घेणार नाही. धास्ती नाही, म्हणून धक्का नाही.

आणि तीच मंडळी पंढरपुरात दर्शनबारीत आली की काय होते, ते आम्ही लिहायला नको. येथेच आमचा जीव अडकतो. बस भरते, साखर संपते. देव संपतो काय? नुसते कळसाचे दर्शन घेऊन, नामदेवांच्या पायरीला हात लावून तृप्त मनाने परतणारे हजारो वारकरी आहेत. मग बारीत कोपर मारून पुढे सरकणाऱ्याने कशाची भीती धरली? ज्याच्या पायांवर डोके ठेवायचे, तो तिथे असेल की नाही, हीच ना? अश्रद्धा आणखी वेगळी ती कोणती? बरे, ज्याच्यासाठी ही धडपड, तो स्वतः काय करीत आहे ते पाहा. पुंडलिकाने वीट फेकली आणि थांबायला सांगितले, कारण आईबापांच्या सेवेची पाळी आधीची होती. द्वारकेचा राजा "मी कोण आहे, ठाऊक आहे का?" असे म्हणाला नाही. तो उभा राहिला.

ओळखीने आत जाण्याचा रोग मात्र सर्व देशांत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यदर्शनासाठी लंडनला थेम्स नदीच्या काठाने काही मैल लांब रांग लागली होती. लोक रात्रभर चालत होते. मनगटावर क्रमांकाची पट्टी बांधलेली, त्यामुळे मध्ये लघवीला जाऊन येता येई. डेव्हिड बेकहॅम हा नावाजलेला फुटबॉलपटू बारा तासांवर त्या रांगेत उभा राहिला. परंतु पार्लमेंटच्या सभासदांना रांगेवाचून आत जाण्याची सवलत होती, बरोबर पाहुणेही नेता येत होते, आणि त्याबद्दल पुष्कळ टीका झाली. टीका झाली हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे ओळखीने दर्शन घेऊन आलेला मनुष्य ते लपवीत नाही, प्रसादाबरोबर ती गोष्टही वाटतो.

पण दयाबुद्धीने कोणाला पुढे घेतले तर? हा प्रश्न पहिल्यापेक्षा कठीण. मागून एक म्हातारी आली, आपण म्हणालो, "या माउली, माझ्यापुढं उभ्या राहा." आपणांस वाटते, दान केले. पण मोजून पाहा. आपल्या मागे पन्नास माणसे आहेत, त्या पन्नासांचीही एकेक जागा आपण देऊन टाकली, त्यांना न विचारता! स्वतःची जागा म्हातारीला देऊन आपण शेवटी जाऊन उभे राहिलो, तर ते दान आपले. किंवा मागच्यांना विचारावे. बहुधा कोणी नाही म्हणत नाही, आणि मग पुण्य पन्नासांत वाटले जाते. लघवीला गेलेल्याची जागा राखणे हा शेजारधर्म. हॉटेलात चहा पीत बसलेल्या दहा जणांसाठी एकाने उभे राहणे म्हणजे तोच एस. टी.तला रुमाल.

आणखी एक गोष्ट, जी परदेशच्या रांगांचे गोडवे गाताना विसरली जाते. रांग न्यायाची केव्हा? सर्वांना तीत उभे राहता येते तेव्हा. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा गोऱ्यांच्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या करता येत. खिडक्या वेगळ्या, बाकडी वेगळी, दारे वेगळी. गोऱ्यांच्या खिडकीपुढची रांग अगदी सरळ असेल. तिच्या सरळपणाला काय चाटायचे? तो कायदा १९९० मध्ये गेला, आणि २७ एप्रिल १९९४ रोजी मतदानासाठी काळे-गोरे एकाच रांगेत तासन्‌तास उभे राहिले. आपणही फार मान वर करू नये. विठ्ठलाच्या मंदिरात ज्यांना प्रवेशच नव्हता, त्यांची पाळी कितीही उभे राहून येणार नव्हती. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, तिच्यावरून आपण रोज जातो.

रीत ही माणसासाठी, हे जपानी लोकांनीही अलीकडे ओळखले आहे. सरकत्या जिन्याची एक बाजू घाईच्या माणसासाठी मोकळी सोडणे ही तेथली मोठी सभ्यता समजली जाई. पण ज्याचा एकच हात चालतो, त्याने ठरलेल्या बाजूला उभे राहून कठडा कसा धरावा? शिवाय धावणाऱ्याच्या धक्क्याने म्हातारी माणसे पडण्याचे भय. म्हणून सैतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून, आणि नागोया शहराने ऑक्टोबर २०२३ पासून असा नियमच केला की, जिन्यावर चालू नये, सर्वांनी स्थिर उभे राहावे, मग बाजू कोणतीही असो. तेव्हा आमच्या सत्तरीच्या माळकऱ्याने नागोयाच्या जिन्यावर आपल्या गुडघ्याला सोसेल त्या बाजूस खुशाल उभे राहावे. टोकियोत मात्र आधी पुढचा मनुष्य कोठे उभा आहे ते पाहून घ्यावे.