हवापाण्याचे शब्द

भाषांतर करणाऱ्यास कठीण शब्द जितके अडवीत नाहीत तितके घरगुती शब्द अडवितात, असा आमचा अनुभव आहे. शास्त्रातील परिभाषेला कोशामध्ये एखादा प्रतिशब्द ठरून गेलेला असतो. परंतु ऊन, पाऊस, वारा यांविषयीचे जे इंग्रजी शब्द शाळेतील मुलालाही येतात, त्यांच्यापाशी लेखणी थांबते. 'फेअर' हाच शब्द घ्या. न्याय्य, गोरा, जत्रा असे त्याचे अर्थ आहेत. आणि हवेविषयी बोलताना त्याचा अर्थ निरभ्र असा होतो. फ्रेंच भाषांतरकार येथे 'बो ताँ', म्हणजे अक्षरशः 'सुंदर काळ', असे लिहून मोकळा होतो. त्याच्या भाषेत काळ आणि हवामान या दोहोंनाही 'ताँ' हा एकच शब्द आहे, आणि निरभ्र आकाश त्याला इंग्रजाइतकेच प्रिय आहे. मराठी भाषांतरकाराने मात्र काय करावे? मृग कोरडा गेला, आर्द्राही सरत आली, पेरलेले बी जमिनीत करपत आहे, आणि अकोल्याच्या आसपासचा शेतकरी कपाळावर हात धरून ढग शोधीत आहे. अशा वेळच्या आकाशाला 'सुंदर' म्हणणे ही त्याची थट्टाच होय. उलट, आठवडाभर झड लागून डवरणी खोळंबली असता हेच निरभ्र आकाश वऱ्हाडात 'उघाड' म्हणून हर्षाने स्वागतिले जाते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. इंग्रज मनुष्य 'पावसाळी दिवसासाठी' चार पैसे गाठीस ठेवतो. त्याच्या वाक्प्रचारात पावसाळी दिवस म्हणजे विपत्तीचा दिवस. हे वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरविले तर अमरावतीच्या बाजारात ते ऐकणारा हसेल. त्याने जे काही शिल्लक टाकलेले असते ते पाऊस न पडण्याच्या दिवसासाठी! आता याच शब्दाला हवामानशास्त्राने तिसरा अर्थ दिला आहे. ज्या दिवशी किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडला तो 'पर्जन्यदिन'. तेवढ्या पावसाने काळ्या जमिनीचा वरचा पापुद्राही नीट भिजत नाही. म्हणजे शास्त्राच्या वहीत जो दिवस पावसाचा म्हणून जमा होतो, तो शेतकऱ्याच्या हिशोबी कोरडाच असू शकतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. हवेचे शब्द केवळ हवेचे वर्णन करीत नाहीत; त्या हवेखाली राहणाऱ्या कोणाचा तरी न्यायनिवाडा त्यांत दडलेला असतो. चांगली हवा म्हणजे कोणासाठी चांगली, हे ज्याने विचारले नाही त्याने शब्द उतरविला, पण अर्थ मागेच ठेविला.

या प्रश्नाचे गांभीर्य 'दुष्काळ' या शब्दापाशी पुरते कळते. फ्रेंचांप्रमाणे आम्हीही काळ आणि हवा एकत्र बांधली आहेत. पावसाळा, उन्हाळा, हिवाळा हे सारे काळच होत. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. इंग्रजीत मात्र पाऊस न पडणे यास 'ड्रॉट' आणि माणसे अन्नावाचून मरणे यास 'फॅमिन' असे दोन शब्द आहेत. आमच्या एका शब्दात दोन्ही अर्थ मावतात. इतकेच नव्हे, तर अतिवृष्टीने कपाशीची बोंडे सडली आणि सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले म्हणजे आम्ही 'ओला दुष्काळ' म्हणतो. याचे शब्दशः इंग्रजी केल्यास 'भिजलेले कोरडेपण' असे काहीतरी हास्यास्पद होईल. मराठी शब्द आकाशाकडे पाहून झालेला नाही. तो घरातील चुलीकडे पाहून झालेला आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जेथे भूगर्भातले पाणी खारे असल्याने विहिरीचा आधार नाही, तेथे पावसाची सरासरी पुरी होऊनही दुष्काळ पडू शकतो. कारण महिन्याचा पाऊस तीन दिवसांत कोसळला तरी सरासरीस त्याचे काही वाटत नाही.

राज्यकर्त्यांना शब्दांचे हे सामर्थ्य पक्के ठाऊक असते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी वऱ्हाडास ग्रासले. त्या काळच्या नियमसंहितेत 'फॅमिन' जाहीर झाले म्हणजे सरकारवर काही कर्तव्ये येऊन पडत. पुढे १९६३ साली महाराष्ट्राने एक स्वतंत्र कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञाच काढून टाकली आणि तिच्या जागी टंचाईवाचक शब्द घातला. २०१६ साली भारतीय हवामान खात्याने 'ड्रॉट' हा शब्द वगळून 'तुटीचे वर्ष' असे म्हणण्याचे ठरविले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर, सुमारे २९ हजार गावांसंबंधी 'टंचाईसदृश' याऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असा आदेश काढावा लागला. एका शब्दाच्या भाषांतरासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हे मनन करण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, शब्दांत काय आहे? १९७२-७३ साली कायद्यात तो शब्द नव्हता, तरी कामे निघाली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर त्यांवर राबत होते आणि त्यामुळे पुष्कळांचे प्राण वाचले. हे खरे आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शास्त्राला रागलोभविरहित शब्द लागतात, हेही आम्ही मान्य करतो. 'शेकडा इतकी तूट' असे म्हटल्यावाचून एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना व्हावयाची कशी? आमचा आक्षेप तटस्थ शब्दावर नाही. तो भोगणाऱ्याच्या शब्दाला हुसकावून त्याच्या जागी बसतो, यावर आहे. तूट ही पावसाची असते. दुष्काळ माणसाचा असतो. पहिला शब्द मोजण्यासाठी हवा, दुसरा जबाबदारी ओळखण्यासाठी. प्रामाणिक भाषांतरकाराने दोन्ही शेजारी शेजारी ठेवावेत, आणि कोणता कोणाच्या तोंडचा हे वाचकास स्पष्ट सांगावे.

असो. सरकारास व शास्त्रज्ञांस उपदेश करणे सोपे आहे. आम्ही शहरवासीही जुलैतल्या कोरड्या संध्याकाळी, झुळुकीत बसलो असता, 'आज हवा किती छान आहे!' असे सहज म्हणून जातो. तेवढ्याच वेळी दहा कोसांवर कोणी दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी उसनवारी करीत असतो. झुळूक आम्हांस खरोखरच सुखाची वाटली, तेव्हा ते वाक्य खोटे नव्हे. पण ते अर्धेच आहे, एवढी जाणीव बोलताना राहिली तरी पुष्कळ झाले.