आकुर्डीची भाकरी आणि लीलाताई

पहिल्या पाळीच्या बसची वेळ झाली, पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघर डबे भरले जातायत. अशा वेळी लीला मुळगावकर आठवतात. टेल्को ही गाड्या बनवणारी कंपनी नावारूपाला आणणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या या पत्नी. साहेबांच्या बायकोने फीत कापावी, हार घ्यावा नि निघावं, एवढीच लोकांची अपेक्षा. लीलाताईंनी १९५४ साली मुंबईत स्वेच्छा रक्तदानाची मोहीम उभी केली. रक्त दिलं की कायमचा अशक्तपणा येतो, असं शिकलेली माणसंही मानायची तो काळ! १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. टेल्कोतल्या कामगारांच्या बायकांसाठी त्यांच्या पुढाकाराने इथे ‘गृहिणी’ संस्था उभी राहिली. मसाले-लोणच्यांपासून थेट गाड्यांच्या वायरिंगपर्यंतची कामं या बायका करू लागल्या. घरात स्वतःच्या कमाईचे पैसे आले की बाईचा आवाजही बदलतो.

लीलाताईंसारखी पुढाकार घेणारी एखादी आई तुमच्याही आळीत असेल. मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, भिशी, रक्तदान शिबिरातला चहा, सगळीकडे हीच. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली की पदर खोचून परातीशी बसणार. “माउली, लाजताय काय, अजून एक घ्या!” म्हणत गरम भाकरीवर पिठल्याचा डाव पालथा करणार.

आणि घरच्यांना त्या रात्री सकाळचीच आमटी. तक्रार केलीच, तर भांडी घासायला तुम्ही!