पढवू नकोस, लिहून ठेव

पेण

चि. बयो,


रोह्याकडच्या वाडीवरच्या शाळेत रुजू झालीस आणि फोनवर विचारलंस, "आत्या, एखाद्या पोरीने आपल्यावर अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि बघणारं कुणीच नसलं, तर कोर्ट तिचं ऐकेल का?" सरकारी वकिली केलेल्या बाईने याचं उत्तर लिहूनच द्यायला हवं.

ऐकतं. आपल्याच राज्यातल्या दत्तू रामराव साखरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितलंय की, लहान मूल विश्वासार्ह वाटलं तर त्याच्या एकट्याच्या साक्षीवरही शिक्षा देता येते. तो खटला खुनाचा होता, पण नियम तोच. जज आधी साधे प्रश्न विचारतात: नाव काय, कितवीत आहेस, खोटं बोलावं का? बाराच्या आतल्या मुलाला शपथ नसली तरी चालते. पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, आरोपीच्या वकिलाने थेट मुलीला विचारायचं नसतं; प्रश्न जजकडे द्यायचे, जज तिला विचारतात. आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही, हेही कायद्यातच आहे.

मग केस सुटते कुठे? बहुतेक वेळा एकाच शब्दावर: "पढवलेली."

बचावाचा वकील हाच धागा शोधतो. शर्टाचा रंग चुकला, वार चुकला, तर कोर्ट सहसा सोडून देतं. लेकराची आठवण तशीच असते. पण मूळ गोष्ट पहिल्या दिवशी एक, पोलिसांपुढे दुसरी आणि साक्षीत तिसरी झाली, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. आणि मिळायलाच हवा. निरपराध माणूस आत जाणं हाही अन्यायच. कायद्यात आरोपीने गुन्हा केलाय असं धरून चालायचं गृहीतक आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. घटनेचा पाया सरकार पक्षाने आधी उभा करावा लागतो, तेव्हा कुठे ते गृहीतक लागू होतं.

गोष्ट बदलते ती बहुधा मोठ्यांमुळे. मुख्याध्यापक विचारतात, मग सरपंच, मग शेजारीण, आणि प्रत्येक जण आपल्या मनातलं तिच्या तोंडी घालतो. म्हणून सांगते, "त्याने असं केलं का?" हे विचारायचंच नाही. "मग काय झालं?" एवढंच, तेही एकदा. ती कातकरी बोलीत बोलली तर तसंच लिही, तुझ्या मास्तरणीच्या मराठीत शुद्ध करू नकोस. तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, ती रडत होती की गप्प बसली होती, सगळं त्याच दिवशी लिहून खाली सही कर. उद्या पिंजऱ्यात तुलाही उभं राहावं लागेल. आणि ती गप्पच बसली तरी घाबरू नकोस. राजस्थानातल्या १९८६ च्या एका खटल्यात मुलगी साक्षीला नुसती रडत राहिली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मौन आरोपीच्या बाजूने धरायला नकार दिला आणि उच्च न्यायालयाने रद्द केलेली शिक्षा इतर पुराव्यांवर पुन्हा लागू केली.

लिहून झालं की पोलीस. गावकीची बैठक नको, "मुलीचं नाव खराब होईल" नको. चंद्रपूरकडच्या राजुऱ्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं प्रकरण घडलं, तेव्हा कळूनही न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला. कळवायचा हा नियम शिक्षकालाही आहे.

तिच्या अंगावरचे कपडे धुऊ देऊ नकोस. प्लास्टिकमध्ये कोंबू नकोस, कागदात ठेव. आणि "तपासणीत काही सापडलं नाही" हे ऐकून खचू नकोस. स्पर्शाचा वळ उठतोच असं नाही. नागपूरच्या एका खटल्यात कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोत बसत नाही असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ठरवलं. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते पुसून टाकलं. बघायचा असतो तो हेतू.

२०२० मध्ये जुलैत रोहा तालुक्यात आणि डिसेंबरअखेर आपल्या पेणला ज्या मुलींवर अत्याचार होऊन खून झाले, त्या सांगायला उरल्याच नाहीत. तिथे सगळी मदार डॉक्टर, प्रयोगशाळा आणि शेवटचं पाहणाऱ्यांवर. तुझ्यापुढचं पोर बोलतंय, हा फरक विसरू नकोस.

आता तुझ्या हातातलंच एक काम. तिसरीतल्या पोरीच्या वयावर कुणी वाद घालत नाही, पण सोळा-सतराच्या मुलीबाबत अर्धी लढाई वयाचीच असते. वीटभट्टीवर जन्मलेल्यांची ग्रामपंचायतीत नोंद नसते आणि पूर्वीच्या गुरुजींनी जनरल रजिस्टरला सरसकट १ जून लिहिलेलं असतं. कोर्टात मुख्याध्यापकांना विचारतात, "ही तारीख कुणी सांगितली?" आणि ते गप्प. नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. मग उरते हाडांची तपासणी. तिच्यात दोन वर्षं इकडेतिकडे, आणि तो फरकही आरोपीच्या पदरात. दिवाळीनंतर कुटुंबं भट्टीवर जायच्या आत रजिस्टर उघड, जन्मदाखला नसलेल्या मुलींची यादी कर आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या मागे लाग. वर्ष उलटलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याचा अर्ज मी लिहून देईन. यादी घेऊन रविवारी ये.

तुझी
आत्या