भक्तीचा उच्चांक
अकोले येथे प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींच्या स्थानी भरणाऱ्या महाशिवरात्रीच्या यात्रेपासून गावोगावच्या सप्ताहापर्यंत, जेथे जेथे ध्वनिक्षेपकाचा अंमल बसला आहे तेथे तेथे, घोष जितका चढेल तितकी भक्ती अधिक, अशी समजूत कोणी बोलून न दाखविता रूढ होत असते. आणि म्हणूनच भक्तीचे माप तिच्या उच्चांकाने घ्यावे काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

उच्चांक मोजणे म्हणजे काय, हे संगणकावर ध्वनी घडविणाऱ्यांच्या शास्त्रात फार स्वच्छ दिसते. तेथे ध्वनी म्हणजे संख्यांची रांग. सीडीच्या प्रमाणात सेकंदास ४४,१०० नमुने. प्रत्येक नमुन्याचे धन-ऋण चिन्ह टाकून त्याचे परिमाण तेवढे घ्यावयाचे, आजवरच्या मोठ्यात मोठ्या परिमाणाशी ते ताडून पाहावयाचे, आणि अधिक भरल्यास त्याची नोंद दप्तरी ठेवावयाची, एवढाच हा व्यवहार. त्याची गरज खरी आहे. कारण पूर्ण मर्यादा १ धरली असता तिच्यापलीकडे जाणाऱ्या लहरीचा माथा यंत्र सरळ छाटून टाकते आणि मूळ स्वरात नसलेली करकर कानी येते. परंतु अखंड साइन लहर आणि क्षणार्धात विरणारा एकच ठोका, या दोहोंचा उच्चांक १ असू शकतो. सरासरी जोर दाखविणारे आरएमएस मूल्य मात्र पहिलीचे ०.७०७ भरते, तर दुसऱ्याचे, सेकंदभराच्या हिशेबात, जवळजवळ शून्य. शिखरावरून प्रदेशाचे माप निघत नाही, तसेच हे: महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरांचे कळसूबाई, याच अकोले तालुक्यात आहे. पण तेवढ्या आकड्यावरून प्रवरेच्या खोऱ्यातील जमिनीची जमाबंदी कोणी ठरविणार नाही.

आवाजाचा जोर आणि मूळ वस्तू यांतील हा विवेक मीमांसकांनी फार पूर्वी केला होता. शब्द नित्य की अनित्य, या जैमिनिसूत्रांतील वादात पूर्वपक्षी म्हणतो की, अनेकांनी मिळून उच्चारिलेला शब्द वाढतो, आणि जे वाढते ते नित्य कसे असेल? त्यावर सिद्धान्ती उत्तर देतो की, वाढतो तो नाद, शब्द नव्हे. नैयायिकांप्रमाणे शब्दाचे नित्यत्व नाकारले, तरी सहस्र कंठांतून निघालेले नाम आणि एकट्याने पुटपुटलेले नाम यांत नादाचे अंतर आहे, नामाचे नाही, ही बाब कबूल करावीच लागते.

पुन्हा संगणकाकडे वळता, सुपरकोलायडर या संगीत-प्रणालीत उच्चांक धरणारी दोन साधने आहेत. ‘पीक’ एकदा गाठलेला उच्चांक, पुसण्याचा हुकूम येईपर्यंत, जसाच्या तसा धरून ठेवते. ‘पीकफॉलोअर’ तो हळूहळू उतरू देते आणि वर्तमानाशी इमान राखते. माणसाविषयीचे आपले निवाडे बहुधा पहिल्या जातीचे असतात: एका क्षणाचा पराक्रम किंवा एका क्षणाचा अपराध जन्मभर त्याच्या नावे मांडलेला राहतो. गीतेचा आठवा अध्याय अंतकाळच्या स्मरणास निर्णायक ठरवितो, तेव्हा तोही एकाच क्षणास सर्व मोल देतो असे वाटते. परंतु त्यावरून लागलीच काढलेला निष्कर्ष असा की, म्हणून सर्वकाळ स्मरण ठेव. अखेरच्या क्षणाचे महत्त्वदेखील अशा रीतीने सातत्याच्याच खाती जमा होते. उच्चांकास कान आणि यंत्र किती सोसतील, एवढ्यापुरताच साक्षीदार मानावा. भक्तीचा निवाडा त्याच्या साक्षीवर करू नये.